डोळ्यांखालचे फिलर: इंजेक्शनाआधी काय तपासावे आणि नंतर कोणत्या लक्षणाला थांबू नये

ठाण्यातल्या नौपाड्यात, घोडबंदर रोडवर, नवी मुंबईतल्या वाशीत किंवा खारघरमध्ये राहणाऱ्या माणसाला डोळ्यांखालचे फिलर, म्हणजे तिथला खड्डा भरण्यासाठी त्वचेखाली टोचायची जेल, घेण्यासाठी आता दक्षिण मुंबई गाठावी लागत नाही. दोन-चार चौक ओलांडले की ते देणारे एखादे स्किन क्लिनिक सापडतेच. ‘अर्ध्या तासाचे काम, दुसऱ्या दिवशी ऑफिस’ हे जाहिरातीतले आश्वासन बहुतेकांच्या बाबतीत खरेही ठरते. मात्र चेहऱ्याच्या इतर भागांच्या तुलनेत डोळ्यांभोवतीची जागा वेगळी आहे. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, तिच्याखाली चरबीचा थर नावापुरता असतो आणि त्या परिसरातल्या रक्तवाहिन्या थेट डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात. म्हणून गालावर खपून जाणारी लहानशी चूक इथे दिसते, आणि क्वचित प्रसंगी दृष्टीवर बेतते. दर विचारण्याआधी ‘फिलर विरघळवणारे इंजेक्शन तुमच्याकडे आत्ता उपलब्ध आहे का’ हे विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी स्वतः तपासा: खड्डा, रंग की पिशवी

‘डार्क सर्कल्स’ या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी मोडतात आणि फिलरचा उपयोग मुख्यतः त्यांतल्या एकीलाच होतो. दिवसा खिडकीकडे तोंड करून, हातात आरसा धरून, चेहरा धुतलेला आणि कोरडा असताना पाहा. प्रकाश समोरून आला की काळेपणा बराच कमी होत असेल आणि छताच्या दिव्याखाली उभे राहिल्यावर तो पुन्हा गडद होत असेल, तर ती खड्ड्याची सावली आहे. डॉक्टर ज्याला ‘टिअर ट्रफ’ म्हणतात तो हा खड्डा, आणि फिलरचे काम इथेच आहे. आता बोटाने त्वचा हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग तसाच राहून त्वचेबरोबर सरकला, तर ते रंगद्रव्य आहे. आपल्याकडे ते अनेकदा घराण्यातच असते, ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याच्या सवयीने वाढते, आणि फिलरने जात नाही. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा उलट अधिक दिसू लागली, तर पातळ त्वचेतून खालच्या शिरा आणि स्नायू दिसत आहेत. अशा ठिकाणी उथळ भरलेले फिलर निळेपणा आणखी वाढवू शकते.

मान सरळ ठेवून फक्त नजर वर नेली की खालच्या पापणीतला फुगवटा ठळक होत असेल, तर ती पुढे आलेली चरबीची पिशवी आहे. तिच्या खालच्या कडेला थोडे फिलर भरून ती झाकता येते, पण पिशवी मोठी असेल तर शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. सूज सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल, किंवा पापड-लोणच्याच्या जेवणानंतर वाढत असेल, तर तिथे पाणी साचण्याची प्रवृत्ती आहे. अशा माणसाने फिलरपासून दूर राहिलेले बरे. थायरॉइड, रक्तातले हिमोग्लोबिन आणि सायनसचा किंवा ॲलर्जीचा त्रास आधी तपासून घेतला, तर काही जणांचा सुईचा खर्चच वाचतो. डोळ्यांखालच्या फिलरबद्दल नंतर जी नाराजी ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा सुई टोचणाऱ्या हाताइतकेच या चुकलेल्या निवडीत असते.

सिरिंजमध्ये काय आहे

या भागासाठी वापरायचे फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचेच असावे. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक रीतीने जोडून त्याची टिकाऊ जेल बनवलेली असते. त्याचे दोन गुणधर्म लक्षात ठेवावेत. पहिला असा की ते पाणी ओढून धरते, म्हणून चुकीच्या माणसाच्या किंवा चुकीच्या थरातल्या फिलरमुळे डोळ्यांखाली सूज राहते. दुसरा असा की हायल्युरोनिडेज नावाच्या एन्झाइमचे इंजेक्शन दिल्यास ते विरघळते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट, पीएमएमए किंवा सिलिकॉन या फिलर म्हणून वापरल्या जाणाऱ्या इतर द्रव्यांना हे लागू पडत नाही. ती द्रव्ये बिघडली तर सहज माघार घेता येत नाही, म्हणून ‘कायमस्वरूपी परिणाम’ अशी जाहिरात दिसली की तिथून निघावे. स्वतःच्या शरीरातली चरबी काढून डोळ्यांखाली भरण्याची पद्धतही आहे, पण तीही विरघळवता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खास डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी पहिले फिलर, जुव्हेडर्म व्होल्बेला, 2022 मध्ये मंजूर केले आणि रेस्टिलेन आयलाइटला 2023 मध्ये मान्यता दिली. त्याआधी जगभरचे डॉक्टर इतर भागांसाठी मंजूर झालेली फिलर स्वतःच्या अनुभवावर इथे वापरत होते. परिणाम वर्षभर टिकतो असे सांगितले जाते. प्रत्यक्षात या भागातले फिलर काही जणांच्या एमआरआयमध्ये अनेक वर्षांनंतरही आढळले आहे. त्यामुळे ‘आवडले नाही तर आपोआप जाईल’ या भरवशावर निर्णय घेऊ नये, आणि दरवर्षी नेमाने ‘टॉप-अप’ घेण्याआधी जुने किती शिल्लक आहे हे डॉक्टरांना विचारावे.

डॉक्टर आणि जागा निवडताना

त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन यांच्यापैकी कोणीतरी स्वतः इंजेक्शन देणार असावे. ‘सर तपासतील, इंजेक्शन मॅडम देतील’ असे काउंटरवरून सांगितले गेले, तर त्या मॅडमचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. पार्लरमध्ये, कोणाच्या फ्लॅटवर किंवा हॉटेलच्या खोलीत फिलर घेऊ नये. सुईशिवाय दाबाने फिलर आत सोडणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’ या उपकरणाविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये जाहीर इशारा दिला आहे. ऑनलाइन मिळते म्हणून ते घरी आणू नये.

सल्लामसलतीच्या दिवशी चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा नीट पाहावी. हायल्युरोनिडेजच्या कुप्या क्लिनिकमध्ये किती आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते? आपल्याकडे ही कुपी सहसा 1500 युनिटची मिळते आणि रक्तवाहिनी बंद पडल्यास एक कुपी पुरेलच असे नाही. रात्री अकराला त्रास झाला तर फोन कोण उचलेल? दृष्टीची तक्रार उद्भवली तर मला कोणत्या रुग्णालयात पाठवाल आणि तिथल्या नेत्रतज्ज्ञांशी तुमचे आधी बोलणे झालेले आहे का? आणि पूर्वी अशी गुंतागुंत तुम्ही स्वतः हाताळली आहे का? ‘आमच्याकडे असे कधीच होत नाही’ हे यांतल्या कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हे. पुष्कळ इंजेक्शने दिलेला प्रामाणिक डॉक्टर सहसा तसे म्हणत नाही.

वेळही स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावी. घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी अडकली की मानपाड्याहून तीन हात नाक्याला पोहोचायला किती वेळ लागेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि पाम बीच रोड मोकळा असला तरी ऐरोली-मुलुंडच्या बाजूचे तसे नसते. सकाळची, कामाच्या दिवसाची वेळ घेतली, तर पुढचे पाच-सहा तास क्लिनिक उघडे असते, रुग्णालयांच्या ओपीडी सुरू असतात आणि रस्तेही त्या मानाने सुसह्य असतात. शनिवारी संध्याकाळी फिलर घेऊन रविवार घरी काढणे सोयीचे वाटते, पण अडचण आलीच तर नेमके त्या वेळी क्लिनिकला कुलूप असते. लग्न, साखरपुडा किंवा फोटोंचा कार्यक्रम असेल तर किमान एक महिना आधीची तारीख घ्यावी. तुळशीचे लग्न लागल्यावर घाई करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

लपवू नये असे काही

गर्भारपण, स्तनपान, चेहऱ्यावरचा चालू संसर्ग किंवा डोळे आलेले असणे या काळात फिलर पुढे ढकलावे. ओठांवर किंवा डोळ्यांजवळ नागीण झाली असेल, ल्युपससारखा स्वप्रतिकार विकार असेल, लिडोकेन या बधिरीच्या औषधाची ॲलर्जी असेल, पूर्वी कुठलेही फिलर घेतले असेल, तर ते आठवणीने सांगावे. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर जोराची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगावे, कारण हायल्युरोनिडेज त्या माश्यांच्या विषातही असते आणि गरजेच्या वेळी ते इंजेक्शन देताना डॉक्टरांना जास्त सावध राहावे लागते. दातांचे काम आणि लसीकरण यांच्यात व फिलरमध्ये दोन्ही बाजूंनी साधारण दोन आठवड्यांचे अंतर ठेवण्याची पद्धत चांगली आहे.

माशाच्या तेलाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे काळे-निळे पडण्याचे प्रमाण वाढते. त्या आठवडाभर आधी बंद करता येतील का हे विचारावे. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर चालू असलेले रक्त पातळ करणारे औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी नको म्हटले, तर फिलर रद्द करावे.

इंजेक्शनाच्या दिवशी

मेकअप पूर्ण काढून, काँटॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या काढून, बरोबर एक माणूस घेऊन जावे. आरंभीचे फोटो काढले गेलेच पाहिजेत. सिरिंजचे खोके तुमच्यासमोर फोडले जावे. खोक्यावरचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत तुम्ही स्वतः वाचावी. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात बॅच क्रमांकाचे चिकटणारे लेबल असते, त्यातले एक केस पेपरवर आणि एक तुमच्या कागदावर लावून मागावे. नंतर कुठे काही बिघडले, तर आत काय गेले आहे हे सांगणारा तोच खात्रीचा पुरावा असतो. आधीच भरून ठेवलेली लेबल नसलेली सिरिंज, दोघा मैत्रिणींत वाटून घेतलेली सिरिंज, किंवा फ्रिजमध्ये उरवून ठेवलेली तुमचीच जुनी सिरिंज, यांपैकी काहीही स्वीकारू नये. या भागाला फिलर थोडेच लागते, त्यामुळे उरलेले वाया जाताना जीव हळहळतो. तरी ते टाकून द्यावे.

काही डॉक्टर कॅन्युला ही बोथट टोकाची बारीक नळी वापरतात, काही बारीक सुई. कॅन्युलाने काळे-निळे पडणे कमी होते आणि रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. इंजेक्शन चालू असताना अचानक तीव्र दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दृश्य धूसर झाले, तर सभ्यपणे वाट न पाहता लगेच ‘थांबा’ म्हणावे.

पहिले दोन आठवडे: चालण्यासारखे काय आहे

सूज, हळवेपणा, सुईच्या जागी लाली, काळा-निळा डाग आणि किंचित असमानता हे सर्वसाधारण परिणाम होत. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते, डाग आठवडा ते दोन आठवड्यांत पिवळसर होत जातो. डोके उशीवर उंच ठेवून झोपावे, स्वच्छ कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे हलकेच टेकवावा. पहिला दिवस मेकअप टाळावा, एक-दोन दिवस जिम, दारू आणि वाफ घेणे टाळावे. घट्ट पोहण्याचा गॉगल आणि पार्लरमधले फेशिअल दोन आठवडे नको. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चोळू नये. बोटाला गाठ लागते म्हणून ती दाबून सपाट करण्याचा मोह सर्वांनाच होतो. हळद, तुरटी, कोरफड किंवा घरात पडून असलेली स्टेरॉइडची ट्यूब ताज्या छिद्रांवर लावू नये.

रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, फोनचा ब्युटी मोड बंद करून एक फोटो काढावा. डॉक्टरांना ‘वाढतेय असे वाटते’ म्हणण्यापेक्षा हे फोटो दाखवले की निर्णय लवकर होतो.

ज्यासाठी एक तासही थांबायचे नाही

नाकाच्या मुळाशी आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी चेहऱ्याच्या धमनीच्या शाखा आणि डोळ्याच्या धमनीच्या शाखा एकमेकींना मिळतात. फिलर चुकून त्यांतल्या एखादीत शिरले आणि सिरिंजचा दाब रक्तदाबापेक्षा जास्त झाला, तर जेल उलट्या दिशेने ढकलली जाऊन दृष्टिपटलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीपर्यंत पोहोचू शकते. दाब सुटला की ती रक्ताबरोबर पुढे जाऊन तिथे अडकते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातील वैद्यकीय साहित्यात नोंदलेले, फिलरनंतर दृष्टी बिघडल्याचे 98 रुग्ण एकत्र केले होते. त्यांतले बहुसंख्य भुवयांच्या मधला भाग, नाक, नाकापासून ओठांकडे येणारी गालाची घडी आणि कपाळ इथल्या इंजेक्शनांनंतरचे होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रक्तवाहिनीत चुकून जाणाऱ्या फिलरबद्दल जाहीर सूचना काढली. लाखो इंजेक्शनांच्या मानाने हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, पण तो होतो तेव्हा मिनिटे मोजली जातात: दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटल्यावर दीड तासाच्या आत, कदाचित त्याहून पुष्कळ आधी, न भरून येणारे नुकसान होते.

म्हणून एका डोळ्याने अचानक कमी दिसणे किंवा काहीच न दिसणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, पापणी खाली पडणे, डोळ्यामागे असह्य कळ, त्याबरोबर उलटी, बोलताना अडखळणे, एक हात किंवा पाय लुळा वाटणे, यांपैकी काहीही झाले तर घरी पडून राहू नये आणि रिक्षाने चष्म्याच्या दुकानातही जाऊ नये. डॉक्टरांना फोन करता करताच नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकाराचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षाकडे निघावे. वाहन नसेल तर 108 वर रुग्णवाहिका मागवावी. आत शिरताच पहिले वाक्य ‘मला आज इतक्या वाजता डोळ्यांखाली हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर दिले आहे आणि आता दिसत नाही’ हे असावे आणि लेबल लावलेला कागद पुढे करावा. नाहीतर केस पेपर ‘डोळा दुखतो’ म्हणून भरला जातो आणि रुग्ण बाकावर बसून राहतो.

त्वचेची रक्तवाहिनी बंद पडली तर चित्र वेगळे, काहीसे फसवे असते. आधी तो पट्टा फिका पडतो, मग त्यावर जाळीसारखे जांभळट डाग उमटतात, दोन-तीन दिवसांत पुवाळलेल्या बारीक पुळ्या येतात आणि त्यानंतर खपली धरते. फिलरमध्येच मिसळलेल्या लिडोकेनमुळे सुरुवातीचे दुखणे झाकले जाऊ शकते, शिवाय गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर फिकेपणा चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी बोटाच्या टोकाने ती जागा दाबून सोडावी आणि दुसऱ्या बाजूची तीच जागा दाबून तुलना करावी. रंग साधारण दोन सेकंदांत परतायला हवा. एका बाजूला तो रेंगाळत असेल, किंवा साध्या डागाला सीमा असते तशी नसून जाळे गालावर, नाकाच्या कडेला पसरत असेल, तर त्याच रात्री डॉक्टरांना गाठावे. तोपर्यंत बर्फ लावू नये, कारण थंडाव्याने वाहिन्या आणखी आकसतात. कोमट कापड ठेवता येते. या अवस्थेत पुरेसे हायल्युरोनिडेज, आवश्यक तर तासातासाने पुन्हा, दिले तर त्वचा बहुधा वाचते. ‘पिंपल आलेत, दोन दिवसांनी दाखवा’ हे उत्तर फोनवरून मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

वाढत जाणारी लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप हे संसर्गाचे लक्षण आहे. त्याबरोबर डोळा हलवताना दुखत असेल तर तीही आपत्कालीन बाबच समजावी.

उशिरा येणारे परिणाम

फिलर फार उथळ बसले की त्वचेतून निळसर छटा दिसते. प्रकाशाच्या विखुरण्यामुळे होणाऱ्या या परिणामाला आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांच्या नावाने टिंडॉल परिणाम म्हणतात. हा काळा-निळा डाग नव्हे, म्हणून पंधरवडा उलटूनही तो रंग बदलत नाही. त्यावर कन्सीलरचा थर देत बसण्यापेक्षा थोडे हायल्युरोनिडेज घेणे सरळ.

त्याहून त्रासदायक असते ती महिन्यांनी, कधी वर्षांनी येणारी सूज. सर्दी-ताप, दाताचा संसर्ग किंवा लस यांच्या निमित्ताने रोगप्रतिकारशक्ती जागी झाली की जुने फिलर फुगते. कोविडच्या लशीच्या चाचण्यांत, 2020 मध्ये, फिलर घेतलेल्या मोजक्या व्यक्तींच्या चेहऱ्यावर अशी सूज आल्याची नोंद आहे. ती उपचारांनी उतरली. यासाठी लस टाळण्याचे कारण नाही. अडचण अशी की या वेळेपर्यंत रुग्ण फिलर विसरलेला असतो. तो डोळ्यांखालच्या सुजेसाठी मूत्रपिंड, थायरॉइड, ॲलर्जी अशा तपासण्या करत फिरतो आणि एकाही डॉक्टरांना जुन्या इंजेक्शनाबद्दल सांगत नाही. घट्ट, दुखऱ्या गाठी उशिरा आल्या तर त्यामागे जिवाणूंचा सुप्त थर असू शकतो. तिथे आधी प्रतिजैविक द्यायचे की आधी विरघळवायचे हे तज्ज्ञाने ठरवावे, आणि त्यावर नव्या फिलरचा थर तर मुळीच देऊ नये.

विरघळवताना

हायल्युरोनिडेजचा परिणाम काही तासांतच दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांत स्पष्ट होतो. कधी दुसरी मात्रा लागते. पहिल्या दिवसाची सूज आणि इंजेक्शनाची चुरचुर अपेक्षित आहे. ॲलर्जीची शक्यता असल्याने इंजेक्शनानंतर किमान अर्धा तास क्लिनिकमध्येच बसावे. खड्डा पुन्हा दिसू लागला की अनेक जण ‘माझे आधीपेक्षा वाईट झाले’ म्हणून घाबरतात. बहुधा ती जुनीच स्थिती असते आणि आरंभीचा फोटो इथे कामी येतो. पुन्हा फिलर घ्यायचेच असेल तर निदान दोन आठवडे थांबावे.

कागदपत्रे आणि तक्रार

संमतिपत्रकाची प्रत, पावती, बॅचचे लेबल, फोटो आणि डॉक्टरांशी झालेले संदेश एकत्र ठेवावेत. रुग्णाने लेखी मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी देण्याचे बंधन डॉक्टरांवर 2002 च्या आचारसंहितेने घातले आहे. फिलर हे वैद्यकीय उपकरणांत मोडते आणि त्याच्या दुष्परिणामांची नोंद 2015 पासून चालू असलेल्या ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ या सरकारी कार्यक्रमाकडे करता येते. तिथे नुकसानभरपाई मिळत नाही, परंतु सदोष बॅच असेल तर ती उघडकीला येण्याचा तो मार्ग आहे. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निर्णयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आहे. तिथे दाव्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, म्हणून ‘आपोआप जाईल’ म्हणत वर्ष-दीड वर्ष घालवलेल्या रुग्णाने आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे आणि लगेच वकिलाला भेटावे.